रूळ नसलेल्या फलाटावरचं लग्न

निवृत्तीनंतर बायका नवऱ्याबरोबर कुठे कुठे जाऊन येतात. माझ्या एका मैत्रिणीला नवऱ्याने सिंगापूर दाखवलं, दुसरीला काश्मीर. तिसरीचा नवरा चिक्कू आहे, तरी त्याने तिला महाबळेश्वरला नेऊन स्ट्रॉबेऱ्या खाऊ घातल्या. माझ्या नवऱ्याने मला लातूर-नांदेडकडची बंद पडलेली रेल्वे दाखवली. चालू रेल्वे नव्हे. ती काय, कोणीही दाखवतं.

दिलीपला हा छंद पूर्वीपासूनचा. आयुष्यभर विम्याच्या कचेरीत बसून लोकांच्या मरणाची तजवीज केल्यामुळे असेल, पण त्याला मेलेल्या गोष्टींचा भारी लळा. छप्पर उडालेली स्टेशनं, गवतात हरवलेले रूळ, गंजून लाल झालेली इंजिनं यांचे फोटो तो काढतो. आम्ही चिपळूणचे. आमच्याकडे रेल्वे आली तीच आमच्या लग्नानंतर, त्यामुळे तिथलं सगळं अजून धडधाकट, म्हणजे त्याच्या दृष्टीने निरुपयोगी. मराठवाड्यात मात्र निजामाच्या अमदानीपासून आगगाडी. आधी अरुंद रूळ, कुठे मध्यम, मग सगळीकडे रुंद. दर बदलाला काही ना काही मागे राहून गेलेलं. "तिकडे सोनं पडलंय सोनं," असं तो मला वर्षभर सांगत होता.

अशात त्याच्यासारख्याच रूळवेड्यांच्या गटात कोणीतरी फोनवर बातमी टाकली. नांदेडच्या अलीकडे एका बंद तेलगिरणीच्या आवारात एक बुटकं कोळशाचं इंजिन कित्येक वर्षं उभं आहे. पूर्वी गिरणीतले मालडबे ओढायचं. आता ते भंगारात निघालंय आणि बुधवारी संध्याकाळी क्रेन येऊन ते उचलणार. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला रजा टाकायची की नाही यावर ज्याने आठवडाभर विचार केला होता, त्या माणसाने अर्ध्या तासात तिकिटं काढली.

लातूर

मंगळवारी सकाळी लातुरात उतरलो. फेब्रुवारीचा शेवट. आमच्याकडे या दिवसांत पहाटे अजून पांघरूण लागतं. इथे सूर्य सकाळीच हातघाईवर आलेला. गावात शिरताना आधी दिसतात ते चेहरे. खांबाखांबावर, चौकाचौकात डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे फोटो, खाली त्यांचे गुण, आणि त्यांच्याहून मोठ्या आकारात त्यांच्या क्लासच्या सरांचा फोटो. इथे देवळांपेक्षा शिकवण्यांच्या पाट्या जास्त, आणि भक्तांची गर्दी बघता नवसाला पावण्यातही त्या पुढे असाव्यात.

दिलीपला हवी होती 'बारकी गाडी'. इथली जुनी माणसं अरुंद रुळांच्या गाडीला असंच म्हणतात. ती पूर्वी पार गावात यायची. रूळ रुंद झाले आणि स्टेशन गावाबाहेर गेलं. मग जुन्या मार्गाचं काय झालं? जे मोकळ्या जागेचं होतं ते. रस्ता झाला, दुकानं झाली, रसवंतीची गुऱ्हाळं झाली. आम्ही ऊन डोक्यावर घेऊन त्या भागात हिंडलो. दिलीप मधूनच थांबायचा आणि एखाद्या मोबाईलच्या दुकानाकडे बोट दाखवून भारावल्या आवाजात सांगायचा, "इथे सिग्नल असणार." मी दुकानाकडे बघून मान डोलवायची. संसार असाच चालतो.

शेवटी एका आडत दुकानाच्या पायरीलगत त्याला हातभर लांबीचा खराखुरा रूळ सापडला. गटारावर आडवा टाकलेला, लोकांनी पाय पुसून पुसून चकचकीत केलेला. दिलीप आनंदाने भर रस्त्यात पालथा पडला. योग्य कोन जमिनीलगत मिळतो म्हणे. तो हलेना, तशी माणसं जमली. दुकानातून एक भारदस्त गृहस्थ धावत आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगावर डाळीची पिवळी धूळ. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते.

"बाई, तुमचे मालक का?"

"हो."

"चक्कर आली जणू. उन्हाचं व्हतंय असं. हलवू नका तेनला."

मी तोंड उघडेपर्यंत एकाने तांब्याभर पाणी दिलीपच्या मानेवर ओतलंसुद्धा. कॅमेरा पोटाखाली होता म्हणून वाचला. दिलीप ओरडत उठला, तेव्हा लोकांना समाधान वाटलं की उपाय लागू पडला.

"अहो, ते फोटो काढत होते," मी म्हटलं.

"कशाचा?"

"त्या रुळाचा."

अप्पांनी रुळाकडे पाहिलं, निथळणाऱ्या दिलीपकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्या नजरेत जी कणव होती ती मला माहेरीसुद्धा कधी मिळाली नव्हती. "बसा बाई सावलीला," ते म्हणाले. "सुशीला खा जराशी."

माझ्या सासूबाईंचं नाव सुशीला. उभा जन्म त्यांनी मला खाल्लं; उलट संधी ही पहिलीच. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना हिरव्या मिरचीची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. आमच्याकडे असल्या पदार्थावर मूठभर ओलं खोबरं पडलं नाही तर पाहुण्याचा अपमान झाला असं समजतात. इथे खोबऱ्याची जागा मिरचीने भरून काढली होती. डोळ्यांतून पाणी आलं. अप्पांना वाटलं, मी आपल्या नशिबावर रडतेय. त्यांनी आणखी एक प्लेट मागवली.

हिप्परसांगवी

बुधवारचा बेत दिलीपने पक्का केला होता. लातूरपासून तासाभरावर, बारक्या गाडीच्या सोडून दिलेल्या मार्गावर हिप्परसांगवी नावाचं एक स्टेशन अजून उभं आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याचे फोटो काढायचे, लगेच गाडीत बसायचं आणि चाकूर, अहमदपूर, लोहा करत संध्याकाळच्या आत नांदेडचं इंजिन गाठायचं. गाडी भाड्याची होती. चालक इलियासभाई लातूरचेच, पोक्त, मिशीला मेंदी लावणारे. त्यांनी आधीच बजावलं, "साहेब, एकला निघालो तर पाचच्या अंदर पोचवतो. त्याच्या बाद निघाले तर मंग मी जिम्मेदार न्हाई."

वाटेत दुतर्फा ज्वारीची काढणी चाललेली. बांधाबांधाला पळस पेटलेले. आमच्याकडे हिरव्याचे शंभर प्रकार असतात म्हणून आम्ही मिजास करतो. इथे जमीन काळी, कडबा पिवळा आणि पळस केशरी, एवढ्या तीनच रंगांत कोणीतरी सगळं चित्र उरकलं होतं आणि काही कमी पडलेलं दिसत नव्हतं. हे मी दिलीपला सांगितलं. तो म्हणाला, "डावीकडचा तो भराव बघ, तोच जुना मार्ग."

स्टेशन खरंच देखणं निघालं. दगडी, कौलारू, पुढे तीन कमानी, ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब. रूळ केव्हाच उचलून नेलेले, फलाट मात्र शाबूत. आणि त्या फलाटावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळा-पांढरा मांडव! कर्णा लावलेला, भीमगीत जोरात, चुलवणावर वांगी रटरटताहेत, खुर्च्या मांडल्या जाताहेत. गावात याच्याएवढी सपाट आणि ऐसपैस जागा दुसरी नाही, त्यामुळे गाडी बंद झाल्यापासून गावची लग्नं फलाटावर लागतात.

दिलीपचा चेहरा उतरला. त्याचं एक तत्त्व आहे: फोटोत माणूस आला की फोटो बिघडला. एखाद्या खांबापुढून बाई घागर घेऊन जात असेल तर ती दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहतो. इथे तीनशे माणसं दिसेनाशी होण्याची वाट बघायची म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ.

तरी तो उतरला. गळ्यात दोन कॅमेरे, खांद्यावर तिपाई, अंगात खिशांचं जाकीट. दहा पावलं गेला नसेल, एक गृहस्थ नवा पांढरा सदरा सावरत मांडवातून पळत आले आणि त्यांनी दिलीपला मिठीच मारली.

"जय भीम, साहेब! आलाव एकदाचे! सकाळपासून वाट बघूलालो!"

हे सुदाम वाघमारे, नवरीचे वडील. एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांनी ठरवलेल्या फोटोग्राफरला ऐन वेळी दुसरीकडचं मोठं लग्न मिळालं आणि त्याने फोनच बंद करून ठेवला. कोणीतरी म्हटलं होतं की लातूरहून दुसरा पाठवतो. दिलीपचा अवतार बघून त्यांना तो दुसरा हाच वाटला. गैरसमज फिटला तेव्हा सुदामरावांचा चेहरा दिलीपच्याहूनही जास्त उतरला.

"पण आजकाल सगळ्यांकडे मोबाईल असतो," दिलीप म्हणाला. "त्यावर छान येतात फोटो."

"येतेत की साहेब. पर मोबाईल हरपला की लग्न बी हरपतंय. आमच्या घरात भूकंपाच्या आधीचा एक बी फोटो न्हाई. आई-बापाचं लग्न, माझं बारसं, माझा थोरला भाऊ, समदं घराखाली गेलं. भाऊ बी गेला, त्याचा फोटो बी गेला. आता माझ्या पोरींना सांगतो, तुमचा चुलता माझ्याच वानी दिसत व्हता. खरं का खोटं, मलाच ठाव न्हाई. म्हनून म्हनत व्हतो, आल्बम पायजे. हातात धरायचा."

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मी कर्ण्याकडे पाहिलं. असल्या वेळी मदत करायची नाही असा माझा नियम आहे.

"बाराचं लग्न आहे ना?" दिलीपने विचारलं.

"हाव. बाराचंच. वऱ्हाड कंधारहून येऊलालंय. निगाले मनूलालेत."

बारा म्हणजे साडेबारापर्यंत हार पडतील, एकला गाडीत. दिलीपने हिशेब केला आणि हो म्हटलं. विम्यात हयात घालवलेल्या माणसाला 'निघालोत' या शब्दाची किंमत कळू नये याचं मला नवल वाटलं. कंधारचं वऱ्हाड 'निघालं' याचा अर्थ नवरदेवाने दाढी केली, एवढाच होतो. आमच्या लग्नात भटजी घड्याळाकडे बघून घाई करतो. इथे बौद्ध पद्धतीचं लग्न, मुहूर्ताची भानगड नाही, त्यामुळे उशीर होण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वऱ्हाड येईल तीच वेळ बरोबर.

बारा वाजले. एक वाजला. मी आतल्या खोलीत बसले होते. पूर्वीची ती तिकीटघराची खोली. खिडकीच्या अर्धगोल भोकातून आता बायका एकमेकींना गजरे देत होत्या. नवरी प्रज्ञा लातूरच्या दवाखान्यात नर्स. पांढऱ्या साडीत, हातात फोन, भावी सासरच्यांना दम देत होती, "लोह्यात च्या प्यायला थांबलेत? प्या, प्या. आमी हितं म्हातारे होतोव तवर."

सव्वाला इलियासभाई दारात आले. "भाभी, साहेब गाडीत बसलेत."

मी बाहेर गेले. दिलीप खरंच पुढच्या सीटवर बसला होता, तिपाई मांडीवर, नजर सरळ समोर. "मी सुदामरावांना सांगून आलोय," तो म्हणाला. "ते 'बरं' म्हणाले."

"ते बरंच म्हणणार. दुसरं काय म्हणतील?"

"तू मला काही बोलू नकोस. ते इंजिन पुन्हा दिसणार नाही मला. पुन्हा म्हणजे कधीच नाही."

हे तो इतक्या काकुळतीने म्हणाला की मी तयार ठेवलेली तिन्ही वाक्यं गिळली. मुकाट्याने मागे बसले. इलियासभाईंनी गाडी सुरू केली, आणि तेवढ्यात एक म्हातारी ताट घेऊन गाडीच्या आडवी आली. हिरवं लुगडं, हातभर चुडा, ताटात बुंदी आणि पुऱ्या. ही गयाबाई, सुदामरावांची आई. तिच्यापर्यंत बातमी एवढीच पोचली होती की फोटोवाला रुसून चाललाय.

तिने खिडकीतून ताट आत सारलं. "जेवल्याबिगर निगालाव? काय चुकलं बाबा आमचं?"

"काही नाही आजी, राग नाही. काम आहे. नांदेडला एक इंजिन बघायला जायचंय."

"कोनाचं इंजन?"

"कोणाचंच नाही. जुनं आहे. आज ते मोडायला नेणार आहेत."

म्हातारीने यावर मनापासून विचार केला. "मोडायला चाललेल्याला काय बघायचं बाबा? हिकडं आमची पोरगी नांदायला चालली, तिला बघा की."

इलियासभाई आरशातून बघताहेत. म्हातारीचा हात खिडकीच्या काचेवर तसाच. दिलीपने ताटातली एक बुंदी उचलून तोंडात टाकली, ती बराच वेळ चावली. मग म्हणाला, "इलियासभाई, बंद करा गाडी."

इलियासभाईंनी ती इतक्या चपळाईने बंद केली की त्यांनाही वांग्याचा वास लागला असावा अशी शंका आली.

वऱ्हाड आलं अडीचला. आल्या आल्या त्यांनी उशिराबद्दल आम्हालाच क्षमा केली आणि नाचायला सुरुवात केली. इलियासभाई दोन्ही पक्षांकडून नाचले.

आणि माझा नवरा माणसांचे फोटो काढू लागला. आयुष्यात कधी काढले नसल्यामुळे त्याने पाहुण्यांना मालगाडीसारखं वागवलं. फलाटाच्या कडेने सगळ्यांची रांग लावली आणि गार्डसारखा हात हलवत ओरडू लागला, "मागे, मागे, अजून मागे, थांबा! आता जोडून घ्या!" नवरदेवाचा मामा जोडून घेताना फलाटावरून खाली गेला. फलाट फार उंच नव्हता, आणि खाली कडब्याची गंज होती. मामांना वर ओढून पुन्हा रांगेत जोडलं. त्यांच्या टोपीवर कडबा राहिला, तो फोटोतही आहे.

मग कर्णा बंद झाला. मधल्या कमानीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली होती, मेणबत्त्या लागल्या. सगळे उभे राहिले. त्रिशरण, पंचशील. मघाशी एकमेकांच्या अंगावर नाचणारी तीनशे माणसं एका सुरात म्हणत होती आणि मध्ये पळसावरच्या साळुंक्या ऐकू येत होत्या. प्रज्ञाने हार घातला, नवऱ्या मुलाने घातला, वरून फुलं पडली. किती वेळ लागला म्हणाल, तर आमच्याकडे तेवढ्यात भटजींचं सामानही सापडत नाही.

जेवणं झाल्यावर प्रज्ञा दिलीपजवळ आली. "काका, आजीचा एकटीचा एक काढा. ती नगं म्हनंल. तरी बी काढा."

आजी नगंच म्हणाली. "माझं काय बघायचं? तोंडात दात न्हाईत." पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. दिलीप तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि वाट बघू लागला. वाट बघण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. माणूस चौकटीतून जाण्याची वाट तो नेहमीच बघतो. माणूस चौकटीत येण्याची वाट बघताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. बऱ्याच वेळाने नवरदेवाचा तो मामा पुन्हा कडेला जाऊ लागला. म्हातारी ओरडली, "आरं पडशील!" आणि तो खरंच पडला. ती बोळकं उघडून जी हसली, ते दिलीपने टिपलं.

पाठवणीच्या वेळी गाडी फलाटाला लागली. जिथे पूर्वी डबे लागायचे तिथेच, झेंडूच्या माळा घातलेली पांढरी जीप. दिवसभर सगळ्यांना दम देणारी प्रज्ञा आजीच्या गळ्यात पडली आणि तिला आवरेना. सुदामराव तोंड फिरवून खांबाला धरून उभे. फोटो काढायचा क्षण हाच. मी दिलीपकडे पाहिलं, तर त्याने कॅमेरा खाली केलेला.

आमची मुलगी कॅनडात आहे. तिचं लग्न तिकडेच झालं. आमचा व्हिसा वेळेत आला नाही, म्हणून आम्ही ते फोनवर पाहिलं. हार घालताना चित्र अडकलं ते अडकलंच. पुन्हा सुरू झालं तेव्हा सगळे केक खात होते. दिलीप "नेटवर्क खराब आहे" एवढं म्हणाला आणि गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी धुऊन आला. टाकी आदल्याच आठवड्यात धुतली होती.

मी त्याच्या हातातून कॅमेरा घेतला. कुठलं बटण दाबायचं तेवढं मला ठाऊक होतं, ते दाबत राहिले. निम्मे फोटो हललेले आले. कॅमेरा फार जड आहे तो.

नांदेड

त्या संध्याकाळी नांदेड गाठणं शक्यच नव्हतं. लातूरला परत आलो, गुरुवारी पहाटे पुन्हा निघालो. दिलीपला वेडी आशा होती आणि ती अगदीच निराधार म्हणता आली नसती. या देशात ठरलेल्या दिवशी ठरलेली क्रेन येते, असं कोणी ऐकलंय? रस्ता खणून ठेवतात आणि नळ पावसाळ्यात येतात. या राष्ट्रीय परंपरेवर भिस्त ठेवून आम्ही चाकूर, अहमदपूर, लोहा मागे टाकलं. लोह्यात मुद्दाम चहाला थांबलो; वऱ्हाड ज्यासाठी अडकलं तो चहा कसा असतो हे मला बघायचं होतं. थांबण्याजोगाच होता.

तेलगिरणीच्या फाटकाशी रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. दिलीपने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "इंजनसाठी आले का? कालच नेलं की. संध्याकाळी क्रेन टायमावर आली."

"वेळेवर?" दिलीप म्हणाला.

"हाव ना. लई मोठी व्हती. काल यायला पायजे व्हतं तुमी. काय गर्दी! दूरदूरचे आलते फोटो काढाले. एक जन तर रडून राहिला व्हता."

त्याने आम्हाला आत जाऊ दिलं. बाभळीच्या रानात पाच-सहा पावलांचे दोन रूळ, मध्ये गवत नसलेला लांबट काळा डाग, तेलाचा वास. बाजूला क्रेनच्या चाकांनी जमीन उकरलेली. दिलीप त्या डागाभोवती एकदा हिंडला. मग त्याने एका रुळावर बूड टेकलं आणि बसून राहिला.

मी उभी. मनात म्हटलं, आता तो म्हणेल, तुझ्यामुळे. मी तर गाडीत मुकाट बसले होते, हे मी उत्तर म्हणून तयार ठेवलं. पण तो म्हणाला, "ती म्हातारी आडवी आली नसती तर मी गेलो असतो, नाही?"

"गेला असतास."

"आणि इथे कोणाच्या तरी खांद्यावरून फोटो काढला असता. सगळ्यांनी काढला तसाच." तो उठला, पँट झटकली. "भूक लागलीय."

त्याला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. गोदावरीच्या पुलावरून गेलो तेव्हा त्याने रेल्वेच्या पुलाचासुद्धा फोटो काढला नाही, यावरून काय ते ओळखा. इलियासभाईंनी आपणहून सगळ्यांसाठी उसाचा रस घेतला आणि म्हणाले, "साहेब, इंजिन तर गेलंच असतं. तुम्ही बघितलं काय न् न्हाई बघितलं काय." दिलीपने आपला रस संपवला आणि माझाही संपवला. तेव्हा मी ओळखलं, जगेल.

चिपळूण

घरी आल्यावर त्याने फोटो निवडायला घेतले. एरवी हे काम तो एका बैठकीत उरकतो. या वेळी महिना गेला. रोज जेवणाच्या टेबलावर एक नवा चेहरा. हा नवरदेवाचा भाऊ का गं? ही रडतेय ती मावशी की आत्या? मला सगळं ठाऊक होतं, कारण मी तिकीटघरात बसून दिवसभर तेवढंच केलं होतं. शेवटी जाड पानांचा, कापडी बांधणीचा आल्बम तयार झाला. तो आम्ही पार्सलने हिप्परसांगवीला धाडला.

आठवड्याने सुदामरावांचा फोन आला. दिलीपने कर्णा लावावा तसा फोन मोठ्या आवाजात लावून टेबलावर ठेवला.

"साहेब, आल्बम पोचला! येवाई कंधारहून खास बघायला आलते. मामा म्हनूलालेत, टोपीवरचा कडबा तेवढा काढून द्या. आई तर तिच्या फोटोचं पान कुनाला पलटू देईना. पर साहेब, एक चूक झाली बगा."

दिलीपचा रंग उडाला. "कुठली?"

"ह्याच्यात तुमी दोघं कुटंच न्हाईत. आई इचारती, फोटोवाला आन् त्याची बायकू कुटं हाय? शेवटचं पान मोकळं हाय. तिथं तुमचा लावायचाय."

आम्ही कपाटं उघडली, संगणक उघडला. घरात रुळांचे हजारो फोटो. आमच्या लग्नानंतर आम्हा दोघांचा मिळून असा एकही नाही. दिलीप म्हणाला, "असं कसं?" मी म्हटलं, "असंच."

मग अंगणात दगडी गडग्यावर कॅमेरा ठेवला, आपोआप फोटो निघण्याची कळ दाबली आणि तो माझ्याकडे पळत आला. पहिल्यांदा पोचलाच नाही. दुसऱ्यांदा पोचला, पण पाठमोरा. तिसऱ्यांदा धापा टाकत येऊन त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला पडू नये म्हणून धरल्यासारखा वाटला आणि मला हसू आलं. फोटोत माझं कपाळ चौकटीबाहेर गेलंय. मागचा विजेचा खांब मात्र तळापासून तारेपर्यंत, एकन् एक चिनीमातीच्या वाटीसकट, सुरेख आलाय.

"पुन्हा काढ," मी म्हटलं.

"नको. यात तू हसलीयस."

तोच गेला. पुन्हा फोन आला तेव्हा स्वतः गयाबाई बोलत होती. "बाई, मालक चांगले आलेत. पर तुमचं कपाळ कुटं गेलं?"

"ते लग्नातच गेलं, आजी," मी म्हटलं.

तिकडे सगळं घर हसलं. म्हातारीचं हसू त्यात वेगळं ओळखू आलं. दिलीपही हसला, पण जरा उशिरा, आणि हसल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे काय?"